आधी मयत ठरव, मग राक्षस

तुझा प्रश्न थोडक्यात असा: चार जणांचा ग्रुप, डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा कथाखेळ) पाचवी आवृत्ती, सगळी कॅरेक्टर्स तिसऱ्या लेव्हलची, आणि तुला जपानी लोककथांवर बेतलेला, आत्मा खाणारा राक्षस हवाय. तुझा आराखडाही वाचला. शिंगं असलेला ओनी, १८० हिट पॉइंट्स (जीव किती उरला त्याचे गुण), जांभळा धूर. हात लागला की सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा), चुकला की आत्मा गेला आणि कॅरेक्टर बाद.

राग मानू नकोस, पण यात नाव तेवढं जपानी आहे. बाकी सगळा नेहमीचाच गुंड, फक्त रंग बदललेला. आपल्याकडे बऱ्याच जणांचं हे होतं. नाव द्यायचं ओनी आणि वागवायचं पिंपळावरच्या मुंज्यासारखं.

मीही हेच करून बसलोय. माझ्या पहिल्या ‘आत्माभक्षका’चा प्रत्येक फटका खेळाडूचं विस्डम (शहाणपणाचा आकडा) कायमचं १डी४ ने, म्हणजे चार बाजूंच्या एका फाशावर पडेल तितकं, कमी करायचा. शून्यावर आलं की खेळ खल्लास. आमच्यातल्या एकाच्या बार्बेरियनचं विस्डम होतं ८. तीन फटक्यांत गेला. गड्याने दोन आठवडे बसून त्या कॅरेक्टरचं चित्र काढलं होतं, गावाकडची आजी, हरवलेला भाऊ असं सगळं लिहून आणलं होतं. सेशन सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. उरलेले तीन तास त्याने मोबाइल बघत एकट्याने डबाभर चिवडा संपवला, आणि पुढच्या रविवारी आलाच नाही. चूक राक्षसाच्या ताकदीची नव्हती. तो आत्मा खातो म्हणजे काय करतो, कधी करतो आणि त्याला कोण अडवतं, याचा मी विचारच केला नव्हता.

जपानी कथांत याची उत्तरं तयार आहेत. (कप्पा हा पाण्यातला राक्षस जिवंत माणसाच्या ढुंगणातून शिरिकोदामा नावाचा गोळा उपसून नेतो, तेही एक उत्तरच. पण तो टेबलावर आणलास तर पुढचे दोन तास कुणी सरळ चेहऱ्याने खेळणार नाही.) तुला हवाय तो काशा. त्याच्या नावाचा अर्थ ‘अग्निरथ’. मुळात तो बौद्ध नरककथांतला पेटलेला गाडा, पापी माणसाला मरतानाच न्यायला येणारा. पुढे एदो काळापर्यंत (सतरावं ते एकोणिसावं शतक) त्याचं मांजर झालं. तोरियामा सेकिएनने १७७६ च्या आपल्या चित्रसंग्रहात काशा काढलाय तो ज्वाळांनी वेढलेल्या मांजरासारखाच. म्हातारं झालेलं घरातलं मांजर काशा होतं, अंत्ययात्रेवर वादळ घेऊन येतं आणि प्रेत उचलून नेतं, असं लोक मानायचे.

म्हणजे जिवंतांशी त्याला फारसं देणंघेणं नाही. तो टपलेला असतो मरण आणि दफन यांच्या मधल्या वेळावर. बौद्ध समजुतीप्रमाणे मेल्यानंतर ४९ दिवस, सात-सात दिवसांचे सात टप्पे, जीव अधांतरी असतो. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरची मंडळी जशी ताटकळतात, तसलीच ही अवस्था. या काळात घरच्यांना कामं असतात. प्रेताचं डोकं उत्तरेला करायचं. छातीवर सुरी ठेवायची. उशाशी भाताचा वाडगा, त्यात चॉपस्टिक्स उभ्या खोचलेल्या. मांजर खोलीत येऊ द्यायचं नाही. त्याच्याही आधी, जीव जाताजाताच, कुणीतरी घराच्या छपरावर चढून किंवा विहिरीत तोंड घालून त्या माणसाला नावाने हाका मारायच्या. याला म्हणतात तामायोबी, आत्म्याला बोलावणं.

काशाविरुद्धचे तोडगे तर गावागणिक वेगळे. एहिमेकडे प्रेताच्या पेटीवर वस्तरा ठेवायचे. ओकायामाकडे झांजा वाजवायचे. यामानाशीत एका ठिकाणी अंत्यविधी दोनदा करायचे, पहिल्या वेळी पेटीत नुसते दगड. मियाझाकीत यात्रा निघण्याआधी दोनदा म्हणायचे, ‘काशाला खाऊ देणार नाही.’ यातला एकही तोडगा शूरवीरासाठी नाही बघ. वस्तरा, झांज, दगड, हाक. गावातला कुणीही करू शकेल अशी कामं. तुझी तिसऱ्या लेव्हलची पोरं अशीच तर आहेत.

तेव्हा राक्षसाचे आकडे नंतर. आधी मयत ठरव. कोण मेलंय आणि त्याने काय केलं होतं? काशा पापी माणसाला नेतो ही मूळ समजूत सोडू नकोस, सगळं साहस त्यातच आहे. समज, गावातला सावकार गेलाय. घरचे म्हणतात देवमाणूस होता. कुळं गप्प आहेत. पार्टीला पेटी राखायचं काम मिळालंय, पैसेही ठरलेत. मध्यरात्री त्यांना कळतं की गावातल्या निम्म्या लोकांना काशा यायलाच हवाय. माझ्या टेबलावर इथे पाऊण तास फासा पडलाच नाही, नुसतं भांडण. पॅलाडिन (शपथेला बांधलेला योद्धा) म्हणे शब्द दिलाय तर राखू, रोग (चोराचं कॅरेक्टर) म्हणे त्याला काळं कुत्रंही नको होतं, आपण कशाला मरायचं.

पेटी म्हटल्यावर खेळाडूंच्या डोळ्यांसमोर सिनेमातली लांबट शवपेटी येते. ती आधी काढून टाक. त्या काळी सर्वसामान्यांचं प्रेत गुडघे छातीशी घेऊन बसवायचे, लाकडी पिंपासारख्या गोल पेटीत. ती दांडीला बांधून खांद्यावरून न्यायचे. हे वर्णन नीट कर. आत माणूस बसलाय, चालताना एका अंगाला झुकतोय, खांदेकऱ्याला ते वजन सरकलेलं कळतंय. यावरच टेबल गप्प होतं. जांभळ्या धुराची गरज पडत नाही.

आता आकडे. आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १४, हिट पॉइंट्स ६५, उडण्याचा वेग ४० फूट. नख्यांचे दोन वार, +५ ने, प्रत्येकी २डी६+३. एवढ्यावर चार जण त्याला तीन-चार राऊंडमध्ये लोळवू शकतात, आणि ते ठीकच आहे, कारण काशा लढायला आलेलाच नाही. तो येतो तो वाऱ्यासकट. ६० फुटांतल्या मशाली विझतात, खांदेकऱ्यांना १३ चा स्ट्रेंग्थ सेव्ह, चुकला की पेटी सुटली. तो पेटीवर बसला की त्याच्या प्रत्येक पाळीला ती १० फूट वर जाते आणि मृताचा एक धागा तुटतो. धागे सात, त्या सात टप्प्यांवरून घेतलेले. टेबलावर खरोखरची सात दोऱ्यांची गाठ ठेव आणि कात्रीने एकेक काप. सातवा तुटला की आत्मा गिळला.

गिळला म्हणजे काय, हे नियमांत ठरलेलं हवं. ‘रेझ डेड’ या मेलेल्याला उठवणाऱ्या मंत्राला आत्मा मोकळा आणि यायला राजी लागतो, शिवाय मरून दहा दिवसांच्या आतलं प्रेत. तिसऱ्या लेव्हलला तुझ्या क्लेरिककडे (पुजारी कॅरेक्टरकडे) हा मंत्र नाही, पण मोठ्या शहरातल्या पुजाऱ्याकडे असेल आणि खेळाडूंना ते माहीत असतं. काशाने गिळलेला आत्मा मोकळा नसतो, मंत्र वाया. मात्र काशाला मारून सात दिवसांच्या आत पोट फाडलं तर तो सुटतो, ही फट ठेव. आणि जितके धागे तुटले तितक्या आठवणी गेल्या. सावकार परत आला आणि त्याला कुळांची देणीच आठवेनात, तर? हे मला आमच्याच एका खेळाडूने सुचवलं, श्रेय माझं नाही.

जिवंत कॅरेक्टरचं काय? कुणी शून्य हिट पॉइंट्सवर गेलं तर काशा पेटी सोडून त्याच्या छातीवर जाऊन बसतो, आणि तिथे असेपर्यंत त्याचे डेथ सेव्ह (जगतो की मरतो ते ठरवणारे फासे) डिसअ‍ॅडव्हान्टेजने (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा). उतारा म्हणजे तामायोबी. कुणीही आपली अ‍ॅक्शन खर्चून त्याला नावाने हाक मारायची आणि फक्त आपल्याला ठाऊक असलेली त्याची एक गोष्ट मोठ्याने सांगायची. तेवढ्याने डिसअ‍ॅडव्हान्टेज जाऊन अ‍ॅडव्हान्टेज येतो (मोठा आकडा धरायचा). म्हणजे पडलेल्या खेळाडूला बाहेर बसावं लागत नाही, सगळं टेबल त्याच्याबद्दलच बोलत असतं. तो चिवडेवाला आज असता तर त्याच्या आजीची गोष्ट कुणीतरी सांगितलीच असती.

वस्तरा, झांज आणि दगडांचे नियम सोपे ठेव. वस्तऱ्याने पहिला स्पर्श बोथट होतो, एकदाच: काशाला २डी६ इजा आणि पाळी वाया. झांज वाजतेय तोवर तो ३० फुटांच्या आत येत नाही, पण वाजवणाऱ्याला दुसरं काही करता येत नाही. दगडाच्या पेटीला फसला तर रात्र निभावली, दुसऱ्या रात्री तो चिडून येतो आणि वस्तऱ्याला भीक घालत नाही.

बॉस म्हणून लढवायचाच असेल तर जपानच्या एचिगो प्रांताची कथा वापर. सुझुकी बोकुशीच्या १८३७ च्या पुस्तकात ती आहे. तेन्शो काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटी, अंत्ययात्रेवर सोसाट्याच्या वाऱ्यासकट आगीचा लोळ आला. आत दोन शेपट्यांचं प्रचंड मांजर. उंतो-आन मठाच्या होक्को नावाच्या भिक्षूने मंत्र म्हणत आपल्या न्योई दंडाचा फटका त्याला हाणला आणि ते पळालं. त्याचं वस्त्र पुढे ‘काशा पाडणारं काषाय’ म्हणून सांगितलं जाऊ लागलं. तुझ्या क्लेरिकला बक्षीस म्हणून याहून चांगली वस्तू मिळणार नाही.

मला मात्र जास्त आवडते ती उलटी कथा. जपानभर ती वेगवेगळ्या रूपांत सांगतात. एका दरिद्री मठात भिक्षू आणि त्याचं म्हातारं मांजर. मांजराचं नाव तोरा, म्हणजे वाघ. भिक्षूकडे दोघांपुरतं अन्न उरत नाही. मांजर त्याला सांगतं, श्रीमंताच्या मयताला मी पेटी आभाळात उचलीन. बाकीचे भिक्षू थकतील, मग तू ‘नामु तोरा या या’ म्हण, मी खाली सोडीन. तसंच होतं, मठाची ख्याती होते, देणग्या सुरू होतात. गंमत अशी की जपानी मठांत रोज म्हटल्या जाणाऱ्या धारणीत (मंत्रपाठात) खरोखरच ‘नामु कारा तान्नो तोराया या’ असे शब्द आहेत, आणि ते मूळ संस्कृत ‘नमो रत्नत्रयाय’. चिनी उच्चारांतून फिरून जपानात पोचेपर्यंत ‘त्रयाय’चं ‘तोराया या’ झालं आणि लोकांनी त्यात मांजर शोधलं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो.

पुढच्या सेशनसाठी दुसरा एखादा आत्माभक्षक हवा असेल तर शिन्चू बघ. नारा राष्ट्रीय संग्रहालयात बाराव्या शतकातली दुष्टनिवारणाची पाच चित्रं आहेत, त्यातल्या एकात हा आठ पायांचा अवाढव्य किडा. सकाळी तीन हजार आणि संध्याकाळी तीनशे भुतं खातो, आणि राहतो जंबुद्वीपाच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत. संकल्पात ‘जंबुद्वीपे’ म्हणतो तेच. दिसायला भयानक, पण आपल्या बाजूचा. खेळाडू बघताक्षणी तलवार उपसतील. उपसू देत.

पण आधी काशा. शेवटची सोय सांगतो. पेटी वर चढत असताना कुणी मांजराचं नाव घालून ती ओळ म्हटली तर प्रत्येक वेळी १० फूट खाली येईल, फासा न टाकता. ओळ त्यांना मठात ऐकू दे, भिक्षू सकाळी पुटपुटत असतो. नाव मात्र वेगळ्या जागी, वेगळ्या दिवशी पेर. सावकाराच्या ओट्यावर एक म्हातारं मांजर ऊन खात पडलेलं दाखव. कुणीतरी कुरवाळायला जाईलच, आणि नावही विचारेल. तू सांग, तोरा. मराठी पोरं हसतील, मांजराला शोभतंय म्हणतील आणि विसरून जातील.