निगेटिव्ह लिहिण्याआधी

प्रिय विद्यार्थ्यास,

बेसोफिलवर काम करायचं ठरवलंस, हे वाचून बरं वाटलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये त्या जेमतेम १ टक्का, बहुतेकदा त्याहूनही कमी. जर्मन संशोधक पाउल एअरलिखने १८७९ मध्ये त्या रंगवून दाखवल्या, तरी पुढे कित्येक वर्षं त्यांना मास्ट सेलची, म्हणजे हिस्टामिन साठवणाऱ्या दुसऱ्या एका पेशीची, धाकटी भावंडं म्हणूनच वागवलं गेलं. मास्ट सेल ऊतींमध्ये महिनोन्महिने ठाण मांडतात. बेसोफिल रक्तात फिरतात आणि थोड्याच दिवसांत मरतात. पण इंटरल्यूकिन-४ हा संदेशवाहक रेणू बाहेर सोडून जंतांविरुद्धच्या लढ्याला त्या हातभार लावतात, आणि दुर्दैवाने ॲलर्जीलाही.

तुझा संबंध ॲलर्जीशी. बेसोफिलच्या पृष्ठभागावर आयजीई प्रतिपिंडं बसलेली असतात. ॲलर्जी आणणारा पदार्थ त्यांतली शेजारची दोन एकमेकांना जोडतो, की पेशी हिस्टामिन ओकते आणि एरवी आतल्या कणिकांच्या आवरणात दडलेलं सीडी६३ हे प्रथिन पृष्ठभागावर येतं. बेसोफिल ॲक्टिव्हेशन टेस्टमध्ये रुग्णाच्या रक्तात ट्यूबमध्येच तो पदार्थ मिसळतात आणि फ्लो सायटोमीटर, म्हणजे एकेक पेशी तपासणारं यंत्र, तेच मोजतो. रक्तात आयजीई सापडलं एवढ्यावरून ॲलर्जी ठरत नाही. ते असूनही अनेकजण तो पदार्थ खुशाल खातात. इथे पेशी काय करते ते दिसतं, तेही रुग्णाला धोका न देता.

या टेस्टवर सगळे खूश असतात. मी जरा कमी. काही माणसांच्या बेसोफिल आयजीईच्या वाटेने डिवचल्या तरी ढिम्म राहतात. यांना आपण नॉन-रिस्पाँडर म्हणतो, आणि दर दहा जणांत असा साधारण एक निघतो. ॲन्टी-आयजीईची (आयजीईच्या वाटेने डिवचणारी) कंट्रोल ट्यूब गप्प आणि एफएमएलपीची (ती वाट टाळून डिवचणारी) मात्र वर गेली, तर समज: पेशी जिवंत आहेत, वाट बंद आहे. अशा वेळी रिपोर्टवर 'निगेटिव्ह' लिहायचं नाही, 'निष्कर्ष काढता येत नाही' लिहायचं. वरिष्ठ कुरकुरले तरी. तुझ्या 'निगेटिव्ह'च्या भरवशावर कुणीतरी तो पदार्थ तोंडात घालणार असतं.

रक्त ताजंच हवं. रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये घालतात ते ईडीटीए कॅल्शियम धरून बसतं आणि कॅल्शियमविना कणिका रिकाम्या होत नाहीत, म्हणून शक्यतो हेपारिनची ट्यूब घे. अँटीहिस्टामिनच्या गोळ्या त्वचेच्या चाचणीआधी थांबवाव्या लागतात, इथे नाही. तोंडी स्टेरॉइड आणि ओमालिझुमॅब (आयजीईला अडवणारं औषध) मात्र विचारून नोंदव.

पहिले आलेख तयार झाले की रुग्णांची नावं काढून पाठव. कंट्रोल सोबत नसतील तर मी ते उघडणार नाही.

तुझे सर