‘भ्रूणहत्या’ नको, आणि थोडं डोहाळ्यांविषयी

प्रश्न असा आहे: 24 आठवड्यांनंतर गर्भ पाडला तर त्याला गर्भपात म्हणावं की भ्रूणहत्या?

गर्भपातच. ‘भ्रूणहत्या’ हा शब्द बातम्यांत वाटेल तिथे चिकटवतात, त्याचा मनस्वी राग येतो. मुलगी नको म्हणून गर्भ पाडण्याविरुद्धच्या मोहिमेत ‘स्त्रीभ्रूणहत्या’ रुळला. पुढे त्यातली ‘स्त्री’ गळाली आणि कायद्याने संमत गर्भपातालाही हत्या म्हणायला लागले. निकाल आधीच देऊन बसलेला शब्द घेऊन मुदतीची चर्चा व्हायची कशी?

मुदतीचा विचार आपल्याकडे जुना आहे. आयुर्वेदाचा आचार्य सुश्रुत चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ पडण्याला ‘स्राव’ म्हणतो, मग ‘ततः स्थिरशरीरस्य पातः पञ्चमषष्ठयोः’. पाचव्या-सहाव्या महिन्यात, गर्भाचं शरीर स्थिर झालं की पात. 1971च्या गर्भपात कायद्याची 20 आठवड्यांची मुदतही याच सुमारास संपत होती.

पण खरा आनंद ‘डोहाळे’ या शब्दात आहे. सुश्रुत म्हणतो, चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून ती बाई दोन हृदयांची, ‘दौहृदिनी’. तिची इच्छा ते दौहृद. त्यावरून दोहद, दोहल, आणि आपले डोहाळे. संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर-विल्यम्स मात्र हा शब्द ‘दौर्हृद’वरून, म्हणजे मळमळीवरून आणतो. मला ते पटत नाही! ‘द्वि’चा ‘दो’ प्राकृतात होतो. शिवाय हिरवी साडी, फुलांचे दागिने, झाकल्या वाटीत बर्फी की पेढा, हे सगळं काय मळमळीचं कौतुक आहे? डोहाळे म्हणजे मागणं. ते पुरवायचं असतं.

गंमत म्हणजे हेच दुसरं हृदय चरक तिसऱ्या महिन्याच्या वर्णनात सांगतो. दोन आचार्यांत महिन्याचा फरक! म्हणजे रेघ माणसांनीच ओढलेली, आणि ती हलते. मात्र दुसरं हृदय आलं म्हणून त्या बाईला गप्प बसवा, असं दोघांपैकी कोणीच म्हणत नाही. उलट तिची इच्छा मारू नका, असं सुश्रुत बजावतो. इच्छा मारली तर मुलात व्यंग येतं, हे त्याचं कारण वैद्यकात टिकणारं नाही, पण विचारायचं तिलाच, हे मला मोलाचं वाटतं.

आपला कायदा तिथे अडखळतो. 2008मध्ये गर्भाच्या हृदयात दोष असल्याचं 20 आठवडे उलटल्यावर कळलं, म्हणून एक जोडपं डॉक्टरांसह मुंबई उच्च न्यायालयात गेलं. परवानगी मिळाली नाही. 2021च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत 24 आठवड्यांवर नेली. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. तिचा जीव वाचवायचा असेल तर मुदत आड येत नाही. पण तिला नको आहे, एवढं कारण तिथे पुरत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

तेव्हा 24 नंतरही गर्भपातच म्हणा. गर्भाचं लिंग पाहून केलेला असेल तर ‘लिंगनिवडीचा गर्भपात’ म्हणा. लांबलचक आहे, पण गुन्हा नेमका कशात आहे ते त्यात कळतं.