आदण, इसण आणि नुसतं ‘तापलेलं’ पाणी

प्रश्न असा आलाय: "लातूरला आजी 'आदण आलं का' म्हणायची, इथं पुण्यात सगळे 'पाणी उकळलं का' म्हणतात, दोन्ही एकच ना? आणि इसण हा शब्द प्रमाण मराठीत आहे का आपला गावठी?"

दुसऱ्याचं आधी सांगतो, ते सोपंय. इसण म्हणजे विसण, कढत पाण्यात ओतायचं गार पाणी, आणि आदण म्हणजे आधण. दोन्ही मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात आहेत, त्यामुळं गावठी-बिवठी काही नाही, आपल्याकडं विळ्याचा इळा अन् विस्तवाचा इस्तू होतो तसं विसणाचं इसण झालंय. हिंदी पट्ट्यात, भोजपुरी-अवधीत, भातासाठी उकळत ठेवलेल्या पाण्याला अदहन म्हणतात, संस्कृत दह् वरून, आपलं आधण त्याचंच भावंड.

आता आदण आणि उकळणं. आदण हे आधी उकळायला ठेवलेल्या पाण्याचंच नाव आहे, तेही फक्त स्वयंपाकाच्या. 'आदण ठेव' म्हणलं की पातेलं चुलीवर, 'आदण आलं' म्हणलं की डाळ-तांदूळ वैरायला मोकळं. बंबातलं पाणी कितीही खदखदू द्या, त्याला कुणी आदण म्हणत नाही.

मला यात खरी गंमत वाटते ती वेगळीच. 'जरा तापलं', 'चांगलं तापलं', 'लै तापलं' असं सगळं म्हणता येतं, पण 'जरा आदण आलं' म्हणून बघा, कानाला खटकतं. आदण येतं नाहीतर येत नाही, कमी-जास्त नाही. आणि पाण्याचं वागणंही तसंच आहे. पातेल्याजवळ उभं राहून बघा, आधी तळाला बारीक बारीक बुडबुडे धरतात, ती पाण्यात विरघळलेली हवा, मग सूं करून आवाज सुरू होतो कारण तळाशी झालेले वाफेचे बुडबुडे वर येता येता थंड पाण्यात मिटून जातात, आणि मग आवाज एकदम खाली येतो अन् पाणी उसळ्या मारायला लागतं, ते आदण. इथपर्यंत पारा चढत असतो, इथं आला की थांबला. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणून तिथं तो १०० ला न पोचता ९८ च्या आसपासच थांबतो. त्यानंतर गॅस कितीबी मोठा करा, पाणी अजून तापत नाही, वाफ तेवढी जास्त होते अन् सिलेंडर लवकर संपतो. एक लिटर पाणी २५ अंशांवरून आदणाला आणायला ७३ किलोकॅलरी लागतात आणि तेच सगळं वाफ करून उडवायचं तर ५४० च्या आसपास, म्हणजे सातपटीच्या वर! ही उष्णता पाऱ्यावर दिसतच नाही, म्हणून पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात, जुन्या पुस्तकांत सुप्त उष्णता असायचं.

पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असली, भाकर थापताना चिरा पडायल्या, की आदणाच्या पाण्यात पीठ मळायचं हे आपल्याकडं सगळ्यांना माहितीय. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, कडक पाण्यानं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकर धरून राहते. नुसतं कोमट पाणी घेऊन ते जमत नाही.

इसणाबद्दल एक चूक लै जण करतात, कोमट झालेल्या पाण्यालाच इसण म्हणतात. इसण म्हणजे कढत पाण्यात ओतायचं ते गार पाणी. हिवाळ्यात नळाचं पाणी २० अंशांचं आणि बंबातलं ८० चं धरलं तर एका तांब्याला दोन तांबे इसण घातलं की ४० ला येतं, अंगाला बरोबर. जेवढी उष्णता कढत पाण्यानं सोडली तेवढीच इसणानं घेतली, बाकी काही नाही (बादलीनं थोडी खाल्ली असेल).

आणि जाता जाता, काही जण 'पाणी थिजलं' म्हणतात, ते नका म्हणू. थिजतं ते तूप, खोबरेल, पाणी गोठतं. परभणीत थंडीनं बाटलीतलं खोबरेल दगड होतं पण बाजूच्या तांब्यातलं पाणी नुसतं गार पडतं, कारण खोबरेल २४-२५ अंशांच्या खालीच थिजायला लागतं, पाण्याला शून्यावर यावं लागतं आणि तिथं पोचल्यावर परत दर ग्रॅमला ८० कॅलरी सोडाव्या लागतात, तेव्हा कुठं बर्फ.