आधी खाली स्क्रोल कर, मग बघू

प्रश्न: नमस्कार ताई, मी सांगली जिल्ह्यातला, वय २१. कबड्डी खेळतो, लेफ्ट कॉर्नरला, दोनदा राज्याच्या टीममधून खेळलोय. इन्स्टावर ३८ हजार फॉलोअर्स आहेत. आमचे सर म्हणतात प्रो कबड्डीत जायचं असेल तर अकाउंट बंद कर. इकडे एक प्रोटीन पावडरवाला म्हणतोय डबे फुकट देतो, वर रीलमागे पाच हजार, डबा हातात धरून फक्त हसायचं. घरची परिस्थिती बेताची आहे, हो म्हणू का?

उत्तर: सरांचं मला अर्धंच पटलं बघ. कबड्डीवाला टीव्हीवर दिसतो वर्षातले दोन-तीन महिने, बाकी वेळ लोकांच्या लक्षात राहायचं तर तुझ्याकडे तेवढंच एक साधन आहे, ते कशाला बंद करतोस. पण नवीन काही टाकायच्या आधी एका रात्री बस आणि पार पहिल्या पोस्टपर्यंत खाली जा. इंग्लंडचा क्रिकेट बोलर ऑली रॉबिन्सन आठवतोय? २ जून २०२१, लॉर्ड्सवर पहिलीच टेस्ट, सकाळी सगळी टीम भेदभावाविरुद्धचे टीशर्ट घालून उभी, त्यात हाही, आणि त्याच दिवशी ह्याचे २०१२-१३चे ट्वीट फिरायला लागले, वंशद्वेषी आणि बायकांबद्दल नको नको ते. लिहिले तेव्हा पोरगा अठरा-एकोणीसचा. संध्याकाळी माफी मागितली, मॅचमध्ये ७ विकेट काढल्या, ४२ रन पण केले, तरी पुढच्या टेस्टला बाहेर! आपल्याकडे कोण बघतंय असं म्हणू नकोस, जातीवरून आणि शेजारच्या तालुक्याच्या टीमवरून आपली पोरं काय काय लिहितात ते मी रोज वाचते. दुसऱ्यांच्या पोस्टखाली टाकलेल्या कमेंटही बघ, इन्स्टात 'युअर अ‍ॅक्टिव्हिटी'मध्ये सगळ्या एकत्र सापडतात, तिथूनच उडव.

डब्याला मात्र नाही म्हण. नाडाच्या, म्हणजे खेळाडूंनी बंदी असलेलं औषध घेतलंय का ते तपासणाऱ्या संस्थेच्या टेस्टमध्ये काही निघालं तर 'डब्यावर तसं लिहिलंच नव्हतं' म्हणून सुटता येत नाही, अंगात सापडलं की जबाबदार तूच, फार तर शिक्षा थोडी कमी होईल. बरं, मी पिणार नाही, नुसता हसणार असं म्हणशील, तर मग ती लोकांची फसवणूक झाली ना रे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९च्या ग्राहक कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, तो जाहिरातीत दिसणाऱ्यालाही लागू शकतो. पाच हजारासाठी! पैसे हवेत तर गावातल्या बूटवाल्याची कर की, फक्त 'जाहिरात' असं स्पष्ट लिही. बेटिंग अ‍ॅपवाला आला तर ब्लॉकच कर.

आणि हरलास त्या रात्री फोन मोठ्या भावाकडे. आपला बोलर अर्शदीप सिंग, त्याचा २०२२च्या आशिया कपात पाकिस्तानविरुद्ध सुटलेला कॅच आठव, लोकांनी त्याचं विकिपीडियाचं पानसुद्धा बदललं होतं. दीड महिन्यानंतर वर्ल्ड कपात मेलबर्नला पुन्हा पाकिस्तान, त्याच्या पहिल्याच बॉलवर बाबर आऊट, मग रिझवान, आणि ज्याचा कॅच सुटला होता तो आसिफ अलीपण त्यानेच काढला.

प्रश्न: मुलगी १३ वर्षांची, स्विमिंग करते. तिचं पेज मीच चालवतो, काय काळजी घेऊ? (एक बाबा, नाशिक)

उत्तर: फोटो टाकण्याआधी दर वेळी तिला विचारा, नाही म्हणाली तर नाही. मेडल घेतानाचे ट्रॅकसूटमधले टाका, पोहण्याच्या कपड्यातले नकोत. कुठल्या टँकवर किती वाजता प्रॅक्टिस असते हे कुठेच दिसू देऊ नका, स्पर्धेचे फोटोपण घरी आल्यावरच टाका. आणि हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत बाहेर पडून रडतानाचा व्हिडिओ तर अजिबात नको, ती सोळाची झाली की तिच्या वर्गातली पोरं नेमका तोच शोधून काढतील.