जरा जास्त खरं

लेस्टर
आषाढ, शुक्रवार

चि. सानिका हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कोल्हापूरच्या टेंबलाईच्या यात्रेचे वर्णन वाचताना इतक्या वर्षांनी माझ्या कानांत पुन्हा पी ढबाक वाजू लागले. पंचगंगेला आलेले नवे पाणी डोक्यावर घेऊन टेकडी चढणाऱ्या बायकांमध्ये आजीही या वयात होती, हे वाचून थोडी काळजी वाटली, परंतु तिला अडवण्याची हिंमत तुझ्यात नाही आणि माझ्यात तर कधीच नव्हती. त्याच वाटेवर तू तिला विचारलेस की, इकडची तुझी मैत्रीण मरियम तिचाच धर्म खरा मानते, तर मग आपला खोटा आहे का. त्यावर आजीने दिलेले उत्तर तू जसेच्या तसे उतरवून पाठवलेस हे फार चांगले केलेस: "त्येंचं त्येस्नी खरं, आपलं आपल्यास्नी. पर आपलं जरा जास्त खरं बघ." आता तुझा मला प्रश्न असा, की मोहरमात पिराच्या पंजापुढे मलिदा घेऊन जाणारी आजी असे कसे म्हणू शकते, आणि ही आपल्या मराठी माणसांची रीत आहे की सगळीकडे असेच असते.

सगळीकडे असेच असते. 'जरा' हा शब्द तेवढा आजीचा.

माझ्या समजुतीप्रमाणे, कोणीही माणूस सगळे धर्म एका ओळीत मांडून, पारखून, त्यांतला खरा निवडत नाही. मला चालता येण्यापूर्वीच आजीने मला अंबाबाईच्या पायांवर घातले होते. विस्तव भाजतो, विहिरीच्या काठावर वाकू नये, पावसाचे पाणी उकळून प्यावे, हे ज्या तोंडाने मला सांगितले आणि जे खरे निघाले, त्याच तोंडाने देवी पावते हेही सांगितले. लहान मूल या गोष्टींची वेगवेगळी तपासणी करीत नाही. ते सांगणाऱ्यावर विश्वास ठेवते, आणि पुढे त्या धर्माविषयी शंका घेणे म्हणजे आईच्या शब्दाविषयी शंका घेणे होऊन बसते. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या गझाली या मोठ्या इस्लामी पंडितालाही हे खटकले होते. ख्रिश्चनांची मुले ख्रिश्चन होतात, ज्यूंची ज्यू आणि मुसलमानांची मुसलमान, हे पाहून, आपल्या श्रद्धेत आपले स्वतःचे काय आणि आईबापांकडून आलेले काय, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी इस्लाम सोडला नाही, मात्र हा प्रश्न त्यांनी लपवलाही नाही. तेव्हा तुझा प्रश्न उद्धटपणाचा आहे असे कोणी म्हणाले, तर मनाला लावून घेऊ नकोस.

दुसरे कारण तुला जोतिबाच्या डोंगरावर दिसेल. तिथे नवस फेडायला आलेली माणसे भेटतात आणि प्रत्येकाजवळ सांगण्यासारखा अनुभव असतो. परंतु ज्यांचा नवस फळला नाही ती माणसे नवस फेडायला डोंगर चढतच नाहीत, म्हणून त्यांची गाठ पडत नाही. हाच न्याय दर्ग्याला लागू आहे आणि मेरीमातेपुढे मेणबत्ती लावणाऱ्यालाही. प्रत्येकाच्या पदरी पुरावा जमत जातो, आणि तो खोटा नसतो, पण एका बाजूचाच असतो. शिवाय ज्यासाठी माणूस उपाशी राहिला, अनवाणी चालला, ते व्यर्थ होते असे मानणे त्याला फार जड जाते.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते तिसरे कारण. आपला धर्म आपण आतून पाहतो आणि दुसऱ्याचा बाहेरून. आपला धर्म म्हणजे देव्हाऱ्यापुढे डोळे मिटून बसलेली आजी, आणि दुसऱ्याचा धर्म म्हणजे बातम्यांत दिसणारी दगडफेक, असे आपले माप असते. पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात हिंदू आणि तुर्क यांचा एक संवाद रचला. त्यात दोघेही एकमेकांच्या आचारांतली व्यंगे इतक्या अचूकपणे दाखवतात की वाचणाऱ्याला हसू येते, कारण दुसऱ्याविषयी प्रत्येकाचे पुष्कळसे बरोबर असते. स्वतःकडे पाहताना मात्र ती नजर चालत नाही. शेवटी दोघांचा समेट होतो. तो समेट मला भांडणाइतका पटत नाही, हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही.

आता पंजाकडे येतो. 1986 साली, मी नऊ वर्षांचा असताना, गणपती आणि मोहरम एकाच वेळी आले होते. मुसलमानी वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, आणि आपण ही तूट अधिक महिना घालून भरून काढतो, म्हणून हे दोन सण साधारण बत्तीस-तेहतीस वर्षांनी एकमेकांना गाठतात. पुढे 2018 आणि 2019 साली ते पुन्हा भेटले. 1986 च्या त्या वर्षी आमच्या पेठेतल्या तालमीत गणपती आणि पीर शेजारी शेजारी बसले होते. आरती झाली की ऊद, ऊद झाला की पुन्हा आरती, आणि आम्हा पोरांना मोदक आणि चोंगे दोन्ही. आजी दोघांपुढे सारख्याच भक्तीने हात जोडत होती.

कोल्हापूरचे लोक हे अभिमानाने सांगतात, आणि मीही सांगतो. पण जरा थांबून बघ. मोहरम हा मूळचा दुःखाचा काळ आहे. इसवी सन 680 मध्ये करबलाच्या मैदानावर पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले, त्याची ती आठवण आहे. आजीला हे ठाऊक नाही. तिच्या दृष्टीने पीर हे एक जागृत देवस्थान आहे, नवसाला पावणारे. म्हणजे तिने दुसऱ्याचा धर्म मान्य केला असे म्हणण्यापेक्षा, दुसऱ्याच्या पिराला आपल्या देव्हाऱ्यात एक पाट दिला, असे म्हणणे जास्त बरोबर होईल. 'सगळे देव शेवटी एकच' हे आपले लाडके वाक्यही याच जातीचे आहे. ते उदार आहे यात शंका नाही, पण मुहंमद हे अखेरचे पैगंबर असे मानणाऱ्या मरियमला, किंवा ख्रिस्ताखेरीज पित्याकडे जाण्याचा मार्ग नाही असे मानणाऱ्या ख्रिश्चनाला, ते पटण्यासारखे नाही. आपण त्यांना सांगत असतो की, तुम्ही जे मानता ते तुम्हालाच नीट समजलेले नाही, आम्हाला समजले आहे. हेही आजीचे 'जरा जास्त खरं'च झाले, फक्त गोड आवाजात.

कोल्हापुरात जैन समाज मोठा आहे, आणि हत्ती चाचपडणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यांच्या अनेकान्ताच्या विचारात नेहमी सांगितली जाते: प्रत्येकाला सत्याची एक बाजू कळते, म्हणून 'एका अपेक्षेने असे आहे' असे म्हणावे. मला हा विचार फार आवडतो. तरीसुद्धा त्या गोष्टीत अख्खा हत्ती कोणाला तरी दिसत असतो, नाहीतर ती गोष्ट सांगताच आली नसती. आणि जैनांच्या मते तो पूर्ण दिसतो केवलज्ञान्याला, म्हणजे पूर्ण ज्ञान झालेल्या त्यांच्याच तीर्थंकरांसारख्यांना. तसेच, जगाला निर्माण करणारा कोणी नाही असे जैन म्हणतात आणि मुसलमान म्हणतात आहे. ही दोन्ही विधाने सरळ अर्थाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, आणि असतात असे तुला सांगणे ही तुझी फसवणूक होईल.

भांडण परधर्मीयांशीच असते असेही नाही. अंबाबाईच्या मूर्तीकडे पुढच्या वेळी नीट पाहा. काही भक्त तिला वैकुंठातून रुसून आलेली विष्णूची लक्ष्मी मानतात, आणि नवरात्रात तिरुपतीहून येणारा शालू हा त्यांचा आधार. काही म्हणतात ती आदिशक्ती, आणि मस्तकावरचे लिंग व मागचा सिंह यांकडे बोट दाखवतात. ती मूळची पद्मावती असे म्हणणारे जैनही होऊन गेले. पाषाण एकच, आणि पाहणारे सगळेच प्रामाणिक. त्याच गावात 1899 च्या सुमारास पंचगंगेवर स्नानाला गेलेल्या शाहू महाराजांसाठी पुरोहित वेदोक्त मंत्र म्हणायला तयार नव्हता, कारण त्याच्या मते छत्रपती शूद्र. 'आपला धर्म' म्हणताना 'आपला' म्हणजे कोणाकोणाचा, हे राजालाही तिथे विचारावे लागले. पुढे त्यांनी मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा सर्वांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली किंवा उभी राहायला मदत केली. आजीबरोबर दसरा चौकात जाशील तेव्हा मुस्लिम बोर्डिंगची इमारत पाहा. कोणाचा धर्म खरा याचा निकाल त्यांनी लावला नाही. मुलांना राहायला खोली आणि दोन वेळचे जेवण दिले.

माझे स्वतःचेही सांगतो, नाहीतर मी या सगळ्यांच्या वर बसून बोलतो आहे असे तुला वाटेल. तुझ्या जन्मापूर्वी इथे आमच्या दारात दोन सभ्य गृहस्थ पत्रके घेऊन आले आणि खरा देव मला ठाऊक आहे का, असे त्यांनी विचारले. कोल्हापुरात असताना आरतीच्या वेळी मागच्या दाराने पळणारा मी, त्या दिवशी थंडीत उभा राहून अर्धा तास गणपतीची बाजू मांडत होतो. मी त्या अर्ध्या तासात भाविक झालो नव्हतो. परक्या गावात आपले असे जे थोडेफार उरले होते, त्याला कोणीतरी हात लावला होता. तेव्हापासून 'आमचाच धर्म खरा' असे कोणी फार मोठ्याने म्हणू लागले की, याच्याजवळचे काय जाण्याच्या बेतात आहे, असा विचार माझ्या मनात येतो. प्रत्येक वेळी तो बरोबर ठरतो असे नाही. कित्येक जण खरोखरच विचार करून त्या निष्कर्षाला आलेले असतात.

आजी तुला हे पत्र वाचायला लावणार, कारण तुझे मराठी वाचन सुधारावे ही तिची इच्छा आहे. मलिद्याचा भाग वगळू नकोस. रागावली तर रागावू दे.

आणि एक काम कर. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पोसायडनची काशाची लहानशी मूर्ती आहे. हा ग्रीक लोकांचा समुद्राचा देव. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1944-45 च्या सुमारास उत्खनन झाले त्यात तो सापडला. रोमशी आपला व्यापार चालत होता त्या काळात, सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी, तो समुद्रापासून इतक्या दूर पंचगंगेच्या काठी येऊन राहिला. तुफानात सापडलेले खलाशी त्याला हाका मारीत आणि त्यांच्या लेखी तोच खरा होता. आज त्याला नवस बोलणारे जवळपास कोणी उरलेले नाही. आजी तिथे कधी गेलेली नाही. तिला घेऊन जा, त्याची हकीकत तिला सांग, आणि त्याच्यापुढे ती हात जोडते की नाही एवढे मला कळव.

तुझा,
बाबा