गोळ्यांनीच अंग हलतं, मग बंद करायच्या का?

काकू बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, रोग थरथरीचा आणि औषधानं हे नाचायला लागलेत. गोळ्या बंदच केल्या तर?" लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामाइन बनणारं औषध, सुरू होऊन काही वर्षं झाली की पार्किन्सन्सच्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो.

काका शेजारीच होते. मान एकीकडे वळायची, खांदा उचलला जायचा, पाऊल चपलेतून निसटून जमिनीवर वळवळत राहायचं. कंप तालात असतो, बहुधा हात स्वस्थ असताना दिसतो. ही वेडीवाकडी हालचाल म्हणजे डिस्कायनेशिया. आजार वाढतो तशी डोपामाइन, म्हणजे हालचाल सांभाळणारं रसायन, साठवून बेताबेतानं सोडायची मेंदूची ताकद घटते. मग गोळी चढली की अंग हलतं, उतरली की लाकूड.

डोस ठरवणं माझं काम नाही, ते न्यूरॉलॉजिस्टचं. पण 'बंद' म्हटलं की मी अडवतेच. लेव्होडोपा एकदम तोडली तर अंग कडक होऊन ताप चढू शकतो, जिवावरही बेतू शकतं. काकूंना वही घालायला सांगितली: गोळी कधी, खाणं काय नि कधी, अंग कधी हललं, कधी आखडलं.

पुढच्या भेटीत वहीत रोज सकाळी एक नोंद दिसली, 'दुधातून कवचबीज चूर्ण'. एका नातेवाइकानं आणून दिलेलं, आयुर्वेदिक आहे, अपाय नाही म्हणून. अहो, खाजकुयलीच्या त्या बियांत लेव्होडोपाच असतं! म्हणजे गोळीवर आणखी गोळी, आणि डॉक्टरांना पत्ताच नाही. वही पाहून त्यांनी चूर्ण थांबवलं, डोस लहान करून दिवसभरात वाटून दिले. गरज पडलीच तर हे हलणं कमी करणारं अमँटाडीन हे औषध आहे, काही जणांसाठी डीबीएस, म्हणजे मेंदूत बारीक तारा बसवायची शस्त्रक्रियाही. हालचाल कमी झाली, गेली मात्र नाही.

तोवर सगळं काकूच बोलत होत्या. काकांना विचारलं तर म्हणाले, "हललेलं चालतं हो मला. पहाटे कूस बदलता येत नाही, ते सोसवत नाही."

काकूंचं दुखणं निराळंच. एका लग्नात कुणीतरी "घेऊन आलेत का?" असं कुजबुजलं होतं. तेव्हापासून काकांचं बाहेर जाणं बंद. भाच्याची मुंज जवळ आली होती. विचारलंच कुणी तर सांगायचं वाक्य आम्ही तिथेच ठरवलं, "औषधाचा परिणाम आहे, दारूचा नाही."

"दारूचा असता तर पैसे तरी वसूल झाले असते," काका म्हणाले.