ठेंगणे डोंगर आणि उभा चढ

प्रश्न : मी अचलपूर तालुक्यात राहतो, वय 54. सवड मिळेल तेव्हा भल्या पहाटे परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्यापर्यंत गिअरच्या सायकलने जातो. यंदा मे-जूनमध्ये वेल्समधील स्वान्सी येथे मुलीकडे जायचे आहे. तेथील अबरग्वेसिनच्या डोंगरी रस्त्यावर एक दिवस सायकल चालवावी असा मानस आहे. मात्र जावईबापू म्हणतात की तो रस्ता भल्याभल्यांना खाली उतरवतो. नकाशात तर ते डोंगर मेळघाटापुढे ठेंगणेच दिसतात. मग अडचण कशाची?

उत्तर : आपला नकाशा आणि आपले जावई, दोघेही बरोबर आहेत. वेल्समधील सर्वांत उंच शिखर स्नोडन 1085 मीटरचे आहे आणि चिखलदरा 1118 मीटरवर वसलेला आहे. म्हणजे घाट चढून आपण चहा घेता ती जागाही त्या शिखराहून उंच आहे. अबरग्वेसिनच्या वाटेवर तर आपल्याला पाचशे मीटरची उंचीसुद्धा गाठावी लागणार नाही. अडचण आहे ती चढाच्या तीव्रतेची. चिखलदऱ्याचा रस्ता वळणे घेत दमादमाने वर नेतो. अबरग्वेसिनच्या पुढे ‘डेव्हिल्स स्टेअरकेस’, अर्थात सैतानाचा जिना, नावाचा जो टप्पा लागतो, तेथे चढ पंचवीस टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे चार मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. पाच टक्क्यांच्या चढावर आपले आणि सायकलचे वजन ओढायला जेवढा जोर लागतो, त्याच्या जवळजवळ पाचपट जोर येथे लागतो, आणि दम घ्यायला मध्ये सपाटी नाही.

असे होण्याचे कारण त्या वाटेच्या जन्मात आहे. रेल्वे येण्यापूर्वी वेल्समधील गुरे याच वाटेने इंग्लंडच्या बाजारांकडे हाकली जात. दूरच्या पल्ल्यासाठी त्या गुरांना लोखंडी नाल ठोकत, आपल्याकडे बैलांना ठोकतात तसेच. गुरांना चढ सौम्य करून देण्याची गरज नसते. त्यामुळे वाट डोंगराला थेट भिडली आणि पुढे तिच्यावरच डांबर पडले.

आपल्यासाठी सोयीचा मार्ग असा. स्वान्सीहून ‘हार्ट ऑफ वेल्स’ या रेल्वेमार्गाने लानूर्टिड वेल्स येथे उतरावे. तेथून अबरग्वेसिन सुमारे आठ किलोमीटर आहे, रस्ता इर्व्हॉन नदीच्या काठाने जातो. जिना चढून पलीकडे टावी नदीच्या खोऱ्यात उतरल्यावर सरळ रस्ता ट्रेगॅरनला जातो. आपण मात्र डावीकडे वळावे. वाटेत सोआर-इ-मिनिद हे 1822 मध्ये बांधलेले एकाकी प्रार्थनाघर लागते, त्यानंतर लिन ब्रियान हे धरण. धरणाची भिंत सुमारे 91 मीटर उंच असून ब्रिटनमध्ये तिच्याहून उंच भिंत नाही. येथून टावीत सोडलेले पाणी खाली उचलून स्वान्सी परिसराला पुरवले जाते, तेव्हा लेकीच्या नळाचा उगमही पाहून होईल. जलाशयाच्या काठचा रस्ता नकाशात सपाट वाटला तरी सतत खाली-वर करतो आणि दमलेल्या पायांना तोच अधिक जाचतो. पुढे रॅन्डिरमुइनवरून लँडोव्हरीला पोहोचावे. तेथे पुन्हा तोच रेल्वेमार्ग मिळतो. एकूण अंतर पन्नास किलोमीटरांच्या आसपास भरते. या मार्गावर दिवसातून मोजक्याच गाड्या धावतात आणि डब्यात सायकलींना जागाही थोडीच असते, म्हणून परतीची वेळ आधी ठरवून मगच निघावे.

दिशा उलटी करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ताज्या पायांनी जिना चढणे परवडते, परंतु ओल्या डांबरावरून ती वळणे उतरणे हे ब्रेकचे आणि मनगटांचे काम आहे. सायकल तेथे भाड्याने घेणार असाल, तर पुढचे सर्वांत लहान दातेरी चक्र आणि मागचे सर्वांत मोठे चक्र यांचे दाते निदान समसमान आहेत ना, हे मोजून पाहावे. तरीही जमले नाही, तर उतरून सायकल ढकलावी; तेथे त्याचे कोणालाही नवल वाटत नाही.

तयारीसाठी पूर्ण घाट वारंवार चढण्यापेक्षा त्यातील सर्वांत उभे वळण निवडून तेवढेच पुन्हा पुन्हा चढावे. खोगिरावर बसून आणि अंग किंचित पुढे झुकवून पेडल मारावे, कारण उभे राहिल्यास ओल्या रस्त्यावर मागचे चाक घसरते.

वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, परंतु रस्ता एकाच गाडीपुरता असतो. समोरून गाडी आल्यास रस्त्याकडेला ठेवलेल्या रुंद जागेत थांबावे. मेंढ्या मोकळ्या चरतात आणि त्या कोणत्या बाजूला पळतील याचा नेम नसतो. गुरे पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात आडव्या लोखंडी नळ्यांची जाळी बसवलेली असते. ती ओलांडताना हँडल सरळ धरावे आणि नळ्यांवर ब्रेक दाबू नये. अबरग्वेसिन ते रॅन्डिरमुइन या पट्ट्यात दुकान नाही आणि मोबाइललाही बहुतेक ठिकाणी रेंज मिळत नाही. खाणे, पंक्चरचे सामान आणि जाळीदार नव्हे तर खरोखर पाणी अडवणारे जाकीट सोबत असू द्यावे. आपल्याकडे मे महिन्यात जीव उन्हाने घाबरा होतो. तेथे घामाने भिजलेल्या अंगावर पावसाळी वारा आला की जूनमध्येही हुडहुडी भरते.